उपवासकाळ: नोकरी, प्रवास, औषधं सांभाळून तुम्ही कसा पाळता?

वसईची_पोर

यंदा, 2026 मध्ये, राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 18 फेब्रुवारीला आला, ईस्टर 5 एप्रिलला. पुण्यात राहायला आल्यापासून दर उपवासकाळात जे मनात घोळतं ते यंदा इथे मांडतेच.

गावात होते तोवर उपवासकाळ पाळण्याचे कष्ट मला पडले नाहीत, सगळं गावच तो पाळायचं. लग्नं बंद, बँड बंद. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला (येशूच्या दुःखाची आठवण करत करायची प्रार्थना) अख्खी आळी बाहेर पडायची. घरात मटण शिजतच नसे, त्यामुळे आपण काही सोडलंय असं जाणवायचंही नाही. आता हिंजवडीत नोकरी, भाड्याचा फ्लॅट, आणि शुक्रवार म्हणजे टीम लंच.

नियम मला तोंडपाठ आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा जेमतेम. शुक्रवारी मांस वर्ज्य. चौदा वर्षं पूर्ण झाली की मांस वर्ज्य करायचं, अठरा पूर्ण झाली की साठावं लागेपर्यंत उपवासही. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी नियम हलके केले ते यासाठी, की पुढचं प्रत्येकानं मनापासून करावं. ते पुढचं मला जमत नाहीये. बुधवारी उपवास केला, संध्याकाळी डोकं दुखलं, झोपले. झालं.

दोन गोष्टींवर तुमचं मत हवंय.

पहिली: ऑफिसात अर्धे लोक वजनासाठी सोळा-सोळा तास उपाशी राहतात. मी डबा उघडला नाही की "अरे, तूपण सुरू केलंस का?" म्हणतात. त्यांचं उपाशी राहणं आणि माझं, वरून अगदी सारखं दिसतं. आतून वेगळं कशानं होतं?

दुसरी: बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. पण सगळ्यांसमोर बिर्याणी नाकारली तर कारण विचारणारच. "पोट बरं नाही" म्हणून खोटं बोलायचं का?

कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळ्यांनीच लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा.

नगरचे_मास्तर

सर्वांना सलाम. बेटा, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे.

प्रभूचा रोख चेहरा पाडून हिंडणाऱ्यांवर आहे. ज्याला दाद माणसांकडून हवी होती त्याला ती मिळून गेली, एवढंच तो म्हणतो. पण प्रेषितांची कृत्ये 13 काढून बघ. अंत्युखियाची मंडळी एकत्र उपास करते, प्रार्थना करते आणि मग बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवते. तिथे सगळ्यांना सगळ्यांचा उपास माहीत होता. योनाच्या पुस्तकात निनवे शहरात तर राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांना उपास घडला. तेव्हा मी घरात एक साधा नियम ठेवला आहे. न विचारता सांगायचं नाही, विचारलं तर लपवायचं नाही. "आमचा उपवासकाळ चालू आहे" एवढं वाक्य पुरतं. महाराष्ट्रात उपास हा शब्द उच्चारल्यावर कोणी दुसऱ्यांदा आग्रह करत नाही, हे या मातीचं आपल्यावर मोठं ऋण आहे.

आमच्याकडे, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत, काय खावं यावर चर्चचा हुकूम नसतो. याला इतिहास आहे. 1522 मध्ये झुरिकला एका छापखान्यात उपवासकाळातच लोकांनी सॉसेज खाल्लं, आणि तिथला धर्मसुधारक झ्विंग्लीने त्यांची बाजू घेतली. सक्तीचा उपास शास्त्रात नाही, असं त्याचं म्हणणं. ते मला पटतं. पण पुढे आमच्यातल्या कित्येकांनी सक्तीबरोबर उपासही सोडून दिला, ते पटत नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली स्वतः बुधवार-शुक्रवार उपास करायचा आणि आपल्या लोकांनाही करायला सांगायचा. तो प्रोटेस्टंटच होता की.

आता तुझा पहिला प्रश्न. जखऱ्या 7 मध्ये देव लोकांना विचारतो, इतकी वर्षं तुम्ही उपास केलात, तो माझ्यासाठी केलात का? वजनासाठी उपाशी राहणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. तुला विचारला जातो. फरक तिथून सुरू होतो. दुपारच्या जेवणाचा तुझा अर्धा-पाऊण तास वाचला, तो कोणाला दिलास? त्या वेळात मोबाइल बघितला असशील तर तो उपास पोटाचाच राहिला.

शंका_आहे

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला म्हणून लिहितोय. आमच्याकडे "एकादशी अन् दुप्पट खाशी" म्हणतात ते उगाच नाही. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, वर बटाट्याचे पापड. माझी आजी मात्र आषाढीला पाण्याशिवाय काही घेत नसे आणि दिवसभर हरिपाठ. दोन्ही एकाच घरात पाहिलंय.

तुमच्यात उपासाला काय चालतं याची यादी असते का? आणि चाळीस दिवस म्हणता, पण 18 फेब्रुवारी ते 4 एप्रिल मोजले तर 46 भरतात.

वसईची_पोर

@शंका_आहे, मधले सहा रविवार वजा करा. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास धरत नाहीत. राहिले चाळीस.

यादी म्हणाल तर उपासाचा वेगळा पदार्थ असा आमच्याकडे नाहीच. रोजचंच अन्न, पण कमी. मांस वर्ज्य, मासे चालतात.

दर्यावरचा

मासे चालतात, यावर उत्तनहून बोलतो.

आम्ही मासेमार. बोटीवर आठ-आठ दिवस भात आणि जाळ्यात येईल ते कालवण, दुसरं काय शिजणार? शुक्रवारी मासा खाल्ला तर आम्ही काही मोठं सोडलं असं होत नाही, आणि मासा सोडला तर उपाशी जाळं ओढावं लागेल. दोन्ही खरं. पण शहरातला माणूस शुक्रवारी मटण नको म्हणतो आणि पापलेट घेऊन जातो, त्या पापलेटच्या पैशात दोन वेळचं मटण येईल. नियम पाळला, मान्य. पण त्याला सोसलं काय?

आमच्याकडे पुरुष मंडळींचा खरा उपवासकाळ दारूचा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत थेंब नाही. माझ्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, हे धरलंय आणि खलाश्यांनाही धरायला लावलंय. संध्याकाळी जाळं टाकून झालं की जी वेळ बाटलीची असायची त्या वेळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पहिल्या आठवड्यात माणसं चिडचिडी होतात, हात थरथरतात, आपापसात खटके उडतात. म्हणजे आपण कशाच्या ताब्यात होतो ते तेव्हा दिसतं. मांसाने हे दिसत नाही.

दारूचे वाचलेले पैसे बिस्किटाच्या डब्यात टाकतो. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात डबा फोडून चर्चच्या उपवासकाळ निधीत. कारितास इंडिया ही कॅथलिक चर्चची मदतसंस्था दरवर्षी भूक आणि रोगराईविरुद्ध निधी गोळा करते, त्यात जातो.

रात्रपाळीची_सिस्टर

@दर्यावरचा, दादा, तुमच्या तांडेलाला माझा नमस्कार. पण एक सांगते, जो रोज भरपूर पिणारा आहे त्याने एकदम बंद करू नये. हात थरथरणं पुढे जाऊन फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि समुद्रावर डॉक्टर नाही. अशा खलाश्याला बुधवारच्या आधी डॉक्टरांकडे न्या, औषधाखाली सोडवा. सोडण्याचं पुण्य तेवढंच.

आता उपासाबद्दल. मी नर्स आहे, मेडिसिन वॉर्डात. दर गुड फ्रायडेला दुपारी तीनच्या उपासनेनंतर कोणीतरी चक्कर येऊन पडलेलं येतंच. बहुतेक वेळा मधुमेहाचे काका-काकू. सकाळची गोळी घेतली, खाल्लं काही नाही, उन्हात क्रुसामागे चालले.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण टाळल्यावर साखर धोक्याइतकी उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर काढतात, त्यांच्यावर असताना उपाशी राहिलं तर शरीर कोरडं पडतं आणि रक्तात आम्ल वाढण्याचाही धोका असतो. डोस आपल्या मनाने कमी करू नका, थेट बंद तर नकोच. आधी विचारा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा मशीनवर 70 च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. "एवढी प्रार्थना संपू दे" म्हणून थांबू नका.

आणि चर्चचा नियम कधीच आजाऱ्याच्या अंगावर येत नाही. आजारी माणूस, गरोदर बाई, अंगावर पाजणारी, यांना सूट आहे. पाणी आणि औषधाने तर ख्रिस्तप्रसादापूर्वीचा (मिस्सेत पवित्र भाकर घेण्याआधीचा) उपासही मोडत नाही. जुन्या लोकांच्या मनातून मध्यरात्रीपासूनचा उपास जात नाही. 1953 मध्ये पोप बाराव्या पायसने पाणी मोकळं केलं, 1957 मध्ये जेवणाची अट तीन तासांवर आणली आणि 1964 पासून तो उपास एका तासाचा आहे. हे आपल्या आजी-आजोबांना बसून समजावून सांगा.

कोट्टयमची_सून

मी मूळची पुण्याची, सासर केरळातलं, मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चचं. लग्नानंतर पहिल्यांदा "अंबद नोंब", म्हणजे पन्नास दिवसांचा उपवासकाळ पाहिला. आमच्याकडे तो बुधवारी नाही, त्याच्याही आधीच्या सोमवारी सुरू होतो. मांस, मासे, अंडी, दूध, तूप सगळं बंद. त्याच्या तीन आठवडे आधी निनवेच्या उपासाचे तीन दिवस असतातच.

सुरुवातीला हे सगळं मला जड वाटलं. आता उलट सोपं वाटतं, कारण घरात रोज ठरवावं लागत नाही. मूग, वाल, फणस, नारळ, भात. सासूबाई पहाटे आणि रात्री प्रार्थनेत साष्टांग वाकतात, गुडघे दुखतात तरी. शरीर वाकल्याशिवाय मन वाकत नाही, असं त्या म्हणतात.

गुड फ्रायडेला सकाळपासून चर्च. दुपारी उशिरा उपासना संपते, ओठांना कडू लागतं (काही ठिकाणी कारल्याचा रस, काही ठिकाणी व्हिनेगर) आणि मग चर्चच्या आवारात पंगतीत कंजी आणि पयर, म्हणजे भाताची पेज आणि शिजवलेले मूग. डॉक्टर, रिक्षावाला, बँक मॅनेजर, सगळ्यांच्या ताटात तेच. @वसईची_पोर, तू म्हणतेस की गावच पाळायचं. शहरात ते गाव तुला मुद्दाम जमवावं लागेल. एकटीने करू नकोस, आजूबाजूच्या दोन-तीन मुली शोध.

विश्वासाने_जिंकू

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना असते. मला परदेशी नोकरी हवी होती, मी एकवीस दिवस उपास धरला आणि व्हिसा मिळाला. उपासात सामर्थ्य आहे. ज्यांना उत्तर मिळत नाही त्यांनी उपास वाढवावा. मार्क 9:29 वाचा, प्रभू म्हणतो ही जात प्रार्थनेवाचून आणि उपासावाचून निघत नाही.

नगरचे_मास्तर

भाऊ, तुम्हाला व्हिसा मिळाला याचा आनंद आहे, देवाचे आभार माना. पण "उत्तर मिळत नाही त्यांनी उपास वाढवावा" हे वाक्य मागे घ्या अशी हात जोडून विनंती करतो.

मार्क 9:29 मध्ये "प्रार्थनेवाचून" हा शब्द सगळ्या हस्तलिखितांत आहे, "उपासावाचून" काही जुन्या हस्तलिखितांत नाही. त्या एका शब्दावर एवढा मोठा सिद्धांत उभा करू नये. त्याऐवजी 2 शमुवेल 12 वाचा. दावीद राजाचं लेकरू आजारी पडलं. तो सात दिवस उपाशी जमिनीवर पडून राहिला. लेकरू गेलं. मग तो उठला, न्हाला, देवाच्या मंदिरात जाऊन त्याने भजन केलं आणि जेवला. चाकर बुचकळ्यात पडले. त्याचा उपास कमी पडला असं शास्त्र कुठेही म्हणत नाही.

आमच्या मंडळीत एक आई आहे. तिचा मुलगा कर्करोगाने गेला. कोणीतरी तिला सांगितलं की तू आणखी उपास करायला हवा होतास. ती बाई आजही नीट जेवत नाही. अशा शिकवणीने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहतोय. नवस फेडल्यासारखा उपास आपण देवाला देत नसतो. मागावं जरूर, उपाशी राहून मागावं, रडून मागावं. पण देव आपल्याला बांधील झाला असं समजू नये.

विश्वासाने_जिंकू

मास्तर, त्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तसं कोणाला सांगू नये, हे मान्य. पण माझी साक्ष खरी आहे. ती मी देणारच.

नगरचे_मास्तर

द्या. साक्ष जरूर द्या.

जालन्याची_रूथ

मी वाचत होते, लिहावं का नको करत होते.

आमच्या गावात शुक्रवारी सकाळी दहा ते तीन उपास-प्रार्थना असते. येणाऱ्या बहुतेक बाया रोजानं जाणाऱ्या. या दिवसांत हरभरा सोंगणी, गहू काढणी, म्हणजे काम असतं तेव्हाच शुक्रवार येतो. एक दिवस प्रार्थनेला बसली की त्या दिवसाचा रोज गेला. त्यांचा उपास भाकरीचा नाही, रोजाचा. भाकरी तर एरवीही कधी एक वेळेची असते. म्हणून मला कोणी विचारलं की गरिबाने उपास करावा का, तर मी म्हणते आधी त्याला जेवू घाला.

यशया 58 आमच्या पाळकांनी तीन शुक्रवार शिकवला. तिसऱ्या-चौथ्या वचनात देव म्हणतो, उपासाच्या दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना राबवता, उपाशीपोटी भांडता. पुढे सांगतो, बेड्या तोडा, भुकेल्याला आपल्या भाकरीतली द्या, उघड्याला वस्त्र द्या, आपल्याच माणसाला तोंड चुकवू नका. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एका शेतवाल्या भावानं मागचे थकलेले रोज त्याच आठवड्यात चुकते केले, सगळ्यांसमोर नाही, घरोघर जाऊन. मी स्वतः घेतले म्हणून मला माहीत. त्या वर्षी उपवासकाळात मी सगळ्यात मोठा उपास कोणता पाहिला असेल तर तो.

ताई, तुमच्याकडे घरकामाला बाई येत असेल. शुक्रवारी तिचं काय ते बघा.

वसईची_पोर

रूथताई, तुमचं लिहिणं कालपासून डोक्यातून जात नाहीये. आमच्या तिघींच्या फ्लॅटवर एक मावशी येतात. पगार वेळेवर देतो. पण त्यांची सुट्टी झाली की पैसे कापतो, हे आजवर आम्हाला चुकीचं वाटलंच नव्हतं. काल रात्री मैत्रिणींशी बोलले. महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी, हे ठरलं. त्या दोघी ख्रिस्ती नाहीत, तरी लगेच हो म्हणाल्या.

शुक्रवारचं टीम लंच मी आता टाळत नाही, जाऊन बसते, डाळ-भात घेते. कारण विचारलं तर मास्तरांचं वाक्य वापरते. यंदा रमजानही राखेच्या बुधवारच्याच आठवड्यात सुरू झालाय. टीममधल्या एका सहकाऱ्याचा रोजा असतो, तोही त्या टेबलावर येऊन नुसता बसतो. दुपारी आम्ही दोघं आपापल्या प्रार्थनेला एकाच वेळी उठतो, त्यामुळे वेळ चुकत नाही.

वाचलेल्या जेवणाच्या पैशाचं मात्र समजत नाही. रक्कम किती धरायची?

नगरचे_मास्तर

याला फार जुना आधार आहे. दुसऱ्या शतकात रोममधल्या एका ख्रिस्ती लिखाणात अगदी हेच सांगितलंय: उपासाच्या दिवशी भाकरी-पाण्यावर राहा, एरवीच्या जेवणाला किती खर्च झाला असता ते मोज आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला, गरजवंताला दे. तेव्हा कॅन्टीनचं बिल जेवढं झालं असतं तेवढं धर, कमी-जास्त करू नकोस.

मिझोरामच्या बायका 1910 पासून दर जेवणाला रांधायच्या तांदळातला मूठभर बाजूला काढतात, त्याला बुहफाई थाम म्हणतात. त्या मुठीवर तिथल्या चर्चची मोठमोठी कामं उभी राहिली. त्यांनी मूठ काढायची सवय लावून घेतली.

दर्यावरचा

डबा ठेव, पोरी. यूपीआयने दिलं की दिलं ते कळतही नाही. नोटा हाताने डब्यात टाक.

पोटापुरतं

उपास कोणासाठी, हेही ठरवावं असं मला वाटतं. 2 मार्च 2022 ला, तो राखेचाच बुधवार होता, पोप फ्रान्सिस यांनी युक्रेनसाठी उपास मागितला होता. 22 ऑगस्ट 2025 ला पोप लिओ यांनी शांतीसाठी. त्या दोन्ही दिवशी माझा उपास वेगळा झाला, कारण पोटात कळ आली की कोणाची आठवण काढायची हे माहीत होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी एक नाव ठरवते. कधी आजारी शेजारी, कधी ज्याच्याशी बोलणं तुटलंय तो भाऊ. भावाच्या नावाचा उपास सगळ्यात अवघड जातो.

वसईची_पोर

हे मी या शुक्रवारपासून करते. पोटापुरतं, मनापासून आभार.

एक शेवटचं. गुड फ्रायडे 3 एप्रिलला आहे. सुट्टी आहे, पण माझी ऑन-कॉल पाळी त्याच दिवशी लागलीय. तीनच्या उपासनेत लॅपटॉप घेऊन बसायची इच्छा नाही. मॅनेजरला काय सांगू?

शंका_आहे

मॅनेजरकडे जाण्याआधी टीममध्ये विचारा. 19 मार्चला पाडवा आहे. त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याला घरी गुढी उभारायची असणार, जेवायला पाहुणे असणार. तुम्ही त्याचा पाडवा घ्या, तो तुमचा 3 एप्रिल घेईल. आमच्या ऑफिसात दिवाळी आणि ईदच्या पाळ्या आम्ही अशाच बदलतो. फक्त आजच विचारा, पाडव्याच्या सुट्ट्या आठवडाभर आधीच ठरून जातात.

वसईची_पोर

विचारलं. नाशिकचा एक जण लगेच तयार झाला. 19 ला मी, 3 ला तो.